काकांच्या व्यक्तिचित्रातील सावली अखेर सावरली

मागील नोंदीत ज्या गालाखालच्या सावलीविषयी लिहिले होते, ती काल सायंकाळी पुन्हा खोल दिसू लागली. भजनी मंडळातील पेटीवादक काकांच्या या व्यक्तिचित्रात प्रकाशभाग सुरुवातीपासून ठीक उतरला होता. मात्र रॉ अंबर (मातकट तपकिरी) आणि आयव्हरी ब्लॅक (काळा) या रंगांनी रंगवलेला छायाभाग ओला असताना गडद असे आणि वाळला की राखेसारखा फिकट पडे, त्यामुळे शेजारची मध्यम छटा कशाशी ताडून पाहावी हेच कळेना.

प्रथम संशय आपल्या गोव्याच्या पावसाळी दमटपणावर गेला. परंतु तैलरंग वाळतो तो जवसाच्या तेलाचा प्राणवायूशी संयोग होऊन, आणि त्याच कॅनव्हासवर दाट लावलेले कपाळ तजेलदार राहिले होते. म्हणून कडेच्या कोऱ्या भागावर तेलाचा थेंब ठेवून पाहिला. पाहता पाहता तो आत जिरला, तर जुन्या, तैल-प्रायमर (रंगाखालचा तेलाचा अस्तर-थर) लावलेल्या तुकड्यावर तसाच राहिला. ऑनलाइन मागवलेल्या या तयार कॅनव्हासचे प्रायमर रंगातील तेल शोषून घेत होते, आणि छायाभागाच्या टर्पेंटाइनने पातळ केलेल्या थरात मुळातच तेल कमी असल्यामुळे सारा भार त्याच्यावर पडत होता. एवढ्या किमतीला असा पृष्ठभाग मिळणे मला अक्षम्य वाटते.

उपाय साधा निघाला. थर पूर्ण वाळल्यावर जवसाचे तेल आणि टर्पेंटाइन यांचे मिश्रण अगदी पातळ चोळले, जादाचे सुती फडक्याने पुसले, आणि हनुवटीखालचा तपकिरी रंग डोळ्यांदेखत परतला. कानामागची परावर्तित प्रकाशाची बारीक रेघही दिसली. तिचा आनंद मोठा आहे.

‘पूर्वेचा रेम्ब्रां’ म्हणून ओळखले जाणारे, मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकलेले आपले आंतोनियो झेवियर त्रिन्दाद (१८७०–१९३५) यांची चित्रे पणजीच्या फुंदासांव ओरिएंत या पोर्तुगीज सांस्कृतिक संस्थेत पाहताना सावलीतही ऊब कशी टिकते, हा प्रश्न मला नेहमी पडतो. हे लिहिताना वाटते की पुढच्या थरात तेल फार शोषणारे अंबर आणि काळा दोन्ही वगळून बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) व अल्ट्रामरीन (गडद निळा) यांचे पारदर्शक मिश्रण वापरावे. नवा कॅनव्हास ताणण्याचा बेत त्यामुळे तूर्त मागे ठेवतो. पेटीच्या पट्ट्यांवरील बोटे याच कॅनव्हासवर, आधी तेल चोळून, रंगवीन.