निनोचं गाव

आडतीवर सौदे उरकले होते. हमाल पोत्यांना टेकून पडले होते अन् कोपऱ्यातल्या टीव्हीवर हवामानाची बातमी चालू होती. एल निनो, प्रशांत महासागर, सरासरीपेक्षा कमी पाऊस. औशाकडचे एक काका शेवटपर्यंत गप्प होते. मग चहाची बशी खाली ठेवून म्हणाले, "सर, हे निनो ऱ्हातंय कुठं?"

आपल्याकडं मास्तर दिसला की त्याला काहीही विचारतात, मग तो मराठी का शिकवत असेना. "लई लांब," म्हणून मी सटकलो. पण प्रश्न डोक्यातून जाईना. घरी येऊन नकाशांचं जुनं पुस्तक काढलं. मोबाइलवरच्या नकाशात माझं मन लागत नाही. बोट लावलं की देश पळतो.

दक्षिण अमेरिकेची डावी कड. एल निनोत तापतो तो समुद्र इथलाच. वर इक्वेडोर, खाली पेरू. समुद्र एक, अँडीजची रांग एक, डोंगरापलीकडं ॲमेझॉनचं जंगलही दोघांना. विषुववृत्त इक्वेडोरमधूनच जातं, तरी त्याचं क्विटो २,८५० मीटरवर स्वेटर घालून बसलेलं, अन् चिंबोराझोच्या माथ्यावर कायमचा बर्फ. हे ठीक, उंचीचा हिशेब आहे. मला अडकवलं ते किनाऱ्यानं. इक्वेडोरच्या ग्वायाकिल बंदरात वर्षाला हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही बहुतेक जानेवारी ते एप्रिलमधे. तिथून बोट खाली सरकवत पेरूच्या लिमापर्यंत या. वर्षाकाठी जेमतेम सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर. कोटभर लोकांचं शहर, समुद्राला लागून, अन् पाऊस नाही. पाणी येतं ते डोंगरातून उतरणाऱ्या रिमाक नदीचं.

हे सगळं त्या किनाऱ्यानं वर सरकणाऱ्या हम्बोल्टच्या थंड प्रवाहामुळं. वारा वरचं पाणी किनाऱ्यापासून लोटतो, खालून गार पाणी वर येतं. गार समुद्रावरची हवा उठतच नाही. ढग होतात, बरसत नाहीत. तिथल्या हिवाळ्यात, म्हणजे आपल्या पावसाळ्यात, लिमावर नुसतं मळभ. गाढवाच्या पोटासारखं आभाळ, असं तिथलीच माणसं म्हणतात. उत्तर पेरूपाशी हा प्रवाह आत समुद्राकडं वळतो, इक्वेडोरचं पाणी कोमट राहतं, अन् तिथं सरी येतात.

हे मळभ आम्हाला नवीन नाही. श्रावणात आभाळ भरून येतं, दिवसभर अंधारून राहतं अन् संध्याकाळपर्यंत अंगणातली धूळसुद्धा बसत नाही. आमच्या वाटचं पाणी सह्याद्रीनं आधीच काढून घेतलेलं असतं. लिमावाल्यांचं एक बरंय, त्यांना आशाच नाही. आभाळाकडं बघून कुणी बियाणं उधार आणत नाही. शहराकडेच्या टेकड्यांवर जाळ्या उभ्या करून धुक्याचं पाणी मात्र धरतात. हे मी घरी कौतुकानं सांगितलं तर उत्तर आलं, "लावा मग गच्चीवर."

एल निनोच्या साली तो गार समुद्र तापतो अन् पेरूच्या वाळवंटात पूर येतो. १९९७-९८ ला सेचुराच्या वाळवंटात चक्क भलंमोठं तळं साचलं होतं. आमच्याकडं मराठवाड्यात उलटं, २०१५ ला पावसाची ४० टक्के तूट, अन् पुढच्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी. पण गोम अशी की १९९७ चा एल निनो एवढा दांडगा, तरी त्या साली देशाचा पाऊस सरासरीच्या १०२ टक्के. म्हणजे दर वेळी त्याच्याच नावानं खडे फोडावेत असंही नाही.

आजीचं कॅलेंडर बहात्तरच्या दुष्काळापासून सुरू व्हायचं. दुपारी ओसरीवर ती ज्वारी निवडत बसायची अन् आम्ही ताटात भाकरीचे काठ टाकले की तिचा हात थांबायचा. "मिलो खाल्ली का कधी?" मग ती मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीची भाकरी, कामावर मिळणारी सुकडी, पाझर तलावावर फोडलेली खडी, हाताचे फोड. त्या भाकरीचा रंग ती असा सांगायची की भूक मरायची. काठ मात्र आम्ही खायचो.

त्याच १९७२ ला पेरूच्या कोळ्यांना मासळी मिळेना. समुद्र तापलेला, शिवाय आधीच्या वर्षांत बेसुमार उपसा झालेला. १९७० ला सव्वा कोटी टनांच्या घरात निघालेली अँचोव्हेटा १९७३ ला वीसेक लाख टनांवर आली. ही मासळी माणसं फारशी खात नव्हती. तिची भुकटी करून परदेशातल्या कोंबड्या-डुकरांना घालायचे. भुकटी आटली तसे सगळे सोयाबीनकडं धावले. भाव इतके भडकले की १९७३ च्या जूनमधे अमेरिकेनं काही काळ निर्यातच बंद केली. जपान ब्राझीलकडं वळला, अन् ब्राझीलनं रानंच्या रानं सोयाबीनखाली आणली.

आता आमच्या जिल्ह्यात खरिपाला जिकडं बघावं तिकडं सोयाबीनच. ब्राझीलला पीक दणकून आलं की इथं भाव पडतो. धाकट्या भावानं मागच्या हंगामाची पोती अजून घरातच थप्पी लावून ठेवलीत, भाव हमीभावाला शिवेना म्हणून. काल रात्री फोनवर बोललो. पेरणीला पैसे कुठून आणायचे, एवढंच बोलणं झालं. एल निनोचा विषय निघाला नाही.