तुम्ही विचारलंत म्हणून: तो लाल रंग

चतुर्थीला आलात तेव्हा भिंतीवरच्या, मी काढलेल्या रोझेट तेजोमेघाच्या (आकाशातल्या फुलासारख्या वायूच्या ढगाच्या) फोटोकडे बोट दाखवून तुम्ही विचारलंत, "हा रंग कॉम्प्युटरवर भरलाय ना?" घरी येणारं प्रत्येक माणूस हेच विचारतं. मी नुसतं "नाही" म्हणालो. तेवढ्याने भागत नाही.

रंग मी भरलेला नाही. मेघाच्या पोटातले तरुण, तापलेले तारे अतिनील किरणांनी हायड्रोजनचे इलेक्ट्रॉन उडवून लावतात. ते परत येऊन खालच्या पायरीवर उतरताना ६५६.३ नॅनोमीटरचा गडद लाल प्रकाश सुटतो. साध्या कॅमेऱ्यातला फिल्टर नेमका हाच प्रकाश बराचसा अडवतो, म्हणून मी तो फिल्टरच काढून घेतला. आडकाठी दूर केली, एवढंच. हे सांगताना माझा आवाज चढतो, मला कळतं.

पण एका जानेवारीतली गोष्ट आहे. बाबांना सत्तरी तालुक्यातल्या एका सड्यावर घेऊन गेलो होतो. गोव्यात ध्रुव जेमतेम १५ अंश वर, त्यात झाडांची आड. ताऱ्यांच्या चालीने कॅमेरा फिरवणारा ट्रॅकर ध्रुवाशी जुळवण्यातच तास गेला. बाबा कानटोपी घालून खुर्चीत बसून होते, एकदाही कंटाळले नाहीत. मग ८० मिलिमीटरच्या दुर्बिणीला डोळा लावून बराच वेळ वाकून राहिले.

"दिसला?"

"तारे आहेत."

"त्यांच्याभोवती बघा."

तिसऱ्यांदा विचारल्यावर म्हणाले, "हो रे, दिसला. छान आहे."

दिसला नव्हता. दिसणारच नव्हता. काळोखात आपला डोळा ज्या पेशींवर चालतो त्यांना हा लाल जवळजवळ कळतच नाही. मला हे घरून निघतानाच माहीत होतं, आणि मी त्यांना सांगितलं नव्हतं. त्यांनी यावं असं वाटत होतं म्हणून. त्यांच्या तोंडून ते खोटं मीच वदवून घेतलं.

पहाटे भिंगावर दव धरलं. तीन-तीन मिनिटांच्या ६० फ्रेम्सपैकी ३८ हाती लागल्या. त्या स्टॅक करून, म्हणजे एकावर एक रचून, काढलेली प्रिंट बाबांनी खिडकीपाशी नेली, चष्म्याच्या काचा धोतराने पुसून पुन्हा पाहिली. "मी बघत होतो तेव्हा हा कुठे होता?"

"तिथेच."

ते काही बोलले नाहीत.

पूर्वी मी छातीठोक सांगायचो, आकाशात आहे तसंच कागदावर उतरवलंय. आता ते वाक्य तोंडातून निघत नाही. सुट्या फ्रेममध्ये तो लाल इतका फिकट असतो की शोधावा लागतो. स्ट्रेच करताना, म्हणजे फिकट भाग कॉम्प्युटरवर उजळताना, पाकळ्या किती उजळायच्या, मागचा काळोख किती दाबायचा, हे मी ठरवतो. लाल तिथला आहे. त्याचा जोर माझा. मग भरला म्हणायचं का? अजूनही नाहीच म्हणेन, फक्त आवाज न चढवता.

त्याच ३८ फ्रेम्समधून दुसरी एक प्रिंट काढली होती, अगदी फिकी. ती बाबांच्या कपाटात आहे. पुढच्या वेळी याल तेव्हा दोन्ही शेजारी ठेवतो.