ट्रिशियम, नॅलोक्सोन आणि थंडगार बफर

औषध मेंदूतल्या रिसेप्टरवर, म्हणजे त्याला पकडणाऱ्या पेशीवरच्या प्रथिनावर, किती बसतं हे आम्ही मोजतो. आमच्या प्रयोगशाळेत नवीन आलेली मुलं काउंटरवरचे, म्हणजे किरणोत्सार मोजणाऱ्या यंत्रावरचे, मोठे आकडे बघून खूश होतात. मी आधी शेजारचा आकडा विचारते. कोल्ड, म्हणजे किरणोत्सारी नसलेलं औषध, घातलेल्या नळीत किती आले?

रॅटच्या मेंदूतला स्ट्रायटम हा भाग बफरमध्ये, म्हणजे आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात, घोटला आणि त्यात ट्रिशियम (किरणोत्सारी हायड्रोजन) लावलेलं स्पायपेरोन हे औषध अगदी थोडं, नॅनोमोलरपेक्षाही कमी घातलं, की ते डोपामिन या मेंदूतल्या संदेशवाहक रसायनाच्या डी-२ रिसेप्टरवर जाऊन बसतं. पण ते पेशीपटलाच्या चरबीत शिरतं, आणि हा लगदा नंतर ज्या फिल्टरवर गाळतो त्याच्या काचतंतूंनाही चिकटतं. काउंटरला हा भेद कळत नाही. तो फक्त ट्रिशियममधून सुटणारे बीटा कण मोजतो. म्हणून दुसऱ्या नळीत कोल्ड हॅलोपेरिडॉल, म्हणजे त्याच रिसेप्टरवर बसणारं स्किझोफ्रेनियावरचं औषध, भरपूर घालायचं. रिसेप्टरच्या जागा मोजक्या, त्या कोल्डनेच भरतात. तरीही जे मोजलं जातं ते नुसतं चिकटलेलं. ते वजा केल्यावर उरेल तेवढंच रिसेप्टरचं.

१९७३ साली बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्समध्ये कँडेस पर्ट आणि सॉलोमन स्नायडर यांनी ट्रिशियम लावलेलं नॅलोक्सोन, म्हणजे अफूचा परिणाम रोखणारं औषध, वापरून अफूचा रिसेप्टर दाखवला. त्याच वर्षी न्यूयॉर्कला एरिक सायमन आणि उप्सालाला लार्स टेरेनियस यांनीही हा रिसेप्टर दाखवला. या कामातला लेव्हॉरफॅनॉल आणि डेक्स्ट्रॉरफॅनचा भाग मला अतिशय सुंदर वाटतो. दोन्ही रेणूंत अणू तेच, मांडणी मात्र डाव्या-उजव्या हातासारखी. लेव्हॉरफॅनॉल वेदना शमवतं, आणि नळीतलं नॅलोक्सोन अगदी थोड्या मात्रेत हुसकावतं. डेक्स्ट्रॉरफॅन त्यासाठी हजारो पट जास्त लागतं. चरबीला डावं-उजवं कळत नाही, प्रथिनाला कळतं! ही कसोटी स्टॅनफर्डच्या अव्हराम गोल्डस्टीन यांनी १९७१ मध्येच सुचवली होती.

मग धुणं. मुलांना हे काम कंटाळवाणं वाटतं, माझ्या मते सगळं इथेच ठरतं. फिल्टरवर बर्फाइतका थंड बफर ओतायचा, व्हॅक्यूमने काही सेकंदांत खाली ओढायचा. रेंगाळलात तर रिसेप्टरवर बसलेलंही सुटू लागतं. थंडीत ते सुटणं मंदावतं. घाई करून कमी धुतलंत तर चिकटलेलं तसंच राहतं.

एवढं नेटाने केलं तर काय हाती येतं, त्यासाठी मी टोरांटोच्या फिलिप सीमन यांचा १९७६ चा आलेख दाखवते. वासराच्या मेंदूच्या लगद्यात ट्रिशियमवालं हॅलोपेरिडॉल जे औषध कमी मात्रेत हुसकावतं, त्याचा रोजचा डोसही स्किझोफ्रेनियाच्या रुग्णाला कमी लागतो. एकामागून एक औषधांचे बिंदू त्याच तिरप्या रेषेजवळ येऊन बसतात.