डेपोला ‘पंप’ म्हटलं आणि फाइल अडली: बंद डिझेल टाक्या पुन्हा सुरू करतानाचा माझा अनुभव

आधी कामाचं सांगते. तुमच्या आवारात डिझेलची टाकी वर्षानुवर्षं बंद पडून असेल आणि ती पुन्हा सुरू करायची असेल, तर वेल्डर, रंगारी, पंप बसवणारा यांपैकी कोणालाही बोलावण्याआधी झोनचं पत्र, म्हणजे भूखंड कोणत्या विभागात येतो आणि तिथे हा वापर चालतो का हे सांगणारं नियोजन प्राधिकरणाचं पत्र, हातात घ्या. त्या पत्रात तुमच्या वापराचं नाव नेमकं लिहून घ्या. बाकी सगळे टप्पे कमीअधिक वेळात पार पडतात. आमचं घोडं या एका पत्रापाशी अडलं आणि अजूनही आठवलं की चिडचिड होते.

आमचा भूखंड ठाणे-बेलापूर रस्त्याच्या पट्ट्यात आहे. काकांनी घेतलेला. कंटेनर ओढणारे ट्रेलर, बहुतेक फेऱ्या जेएनपीटीच्या. आवाराच्या मागच्या बाजूला जमिनीखाली वीस-वीस हजार लिटरच्या दोन टाक्या आणि त्यांच्यावर एक डिस्पेन्सिंग युनिट, म्हणजे गाडीत डिझेल भरायचं यंत्र. बाहेरच्या गाडीला कधी एक लिटरही दिलं नाही, फक्त आमच्याच गाड्या भरायच्या. जानेवारी २०१३ मध्ये केंद्राने घाऊक ग्राहकांच्या, म्हणजे आमच्यासारखं टाकीसाठी थेट तेल घेणाऱ्यांच्या, डिझेलवरचं अनुदान काढलं. लिटरमागे दहा रुपयांच्या आसपास जास्त मोजायला लागले. त्या काळात एसटीच्या बसही साध्या पंपांवर भरायला उभ्या असायच्या, तिथे आमच्यासारख्यांची काय कथा. काकांनी टाक्या रिकाम्या केल्या, झाकणांना कुलपं घातली आणि आवारात ट्रेलर उभे करायला लागले. परवान्याची मुदत ३१ डिसेंबरला संपते, ती एका वर्षी संपली आणि नूतनीकरण कोणी केलं नाही. पुढे मधूनमधून विषय निघायचा. पण मार्च २०२२ मध्ये मुंबईत घाऊक डिझेल १२२.०५ रुपये आणि पंपावर ९४.१४ असा फरक पडला, तेव्हा पुन्हा गप्प बसलो. तो फरक ओसरल्यावर मात्र मी हे काम अंगावर घेतलं. पंपावरची रांग, ड्रायव्हरच्या बिलांचा घोळ, वाटेत होणारी चोरी, या सगळ्याला स्वतःची टाकी हाच उपाय आहे हे माझं ठाम मत आहे.

या भागातल्या लोकांना एक गोष्ट नीट माहीत हवी. नवी मुंबईत ‘झोन कोणाचा’ या प्रश्नाचं उत्तर भूखंडागणिक बदलतं. टीटीसी (ट्रान्स ठाणे क्रीक) औद्योगिक क्षेत्रात नियोजन प्राधिकरण एमआयडीसी आहे, मालमत्ता कर तुम्ही महापालिकेला भरत असलात तरी. महापालिका हद्दीतल्या इतर भागांत पालिकेचं नगररचना खातं. काही ठिकाणी अजून सिडको. ठाण्याच्या बाजूला वागळे इस्टेट आणि तिच्या सीमेवरच्या गल्ल्यांतही हाच गोंधळ. आमचा भूखंड यांपैकी कोणाकडे येतो ते मी लिहीत नाही, कारण ज्या कार्यालयाबद्दल मला बोलायचं आहे त्याचं नाव घ्यायचं नाही. तुम्ही मात्र वाटपपत्र किंवा भाडेपट्टा काढून आधी हे बघा. चुकीच्या दारात दिलेला अर्ज लगेच परत येत नाही, तो आत फिरत राहतो.

आता त्या पत्राचं. अर्ज ऑनलाइन भरायचा होता. त्यात वापराचा प्रकार निवडायची जी यादी येते, तिच्यात ‘स्वतःच्या वाहनांसाठी इंधनसाठा’ असं काही नव्हतंच. इंधनाशी संबंधित एकच पर्याय, पंप. तो निवडल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नव्हता. सोबत जोडलेल्या पत्रात मी स्पष्ट लिहिलं होतं की हा विक्रीचा पंप नाही. पण फाइल एकदा पंपाच्या टेबलावर गेली की तिला पंपाचेच निकष लागतात. आणि ते निकष आम्हाला लागूच पडत नाहीत. विकास नियंत्रण नियमावलीत पंपासाठी किमान ३०.५० बाय १६.७५ मीटरचा भूखंड लागतो, तो आमच्याकडे आहे. पण चौकापासून ९० मीटरच्या आत पंप चालत नाही आणि आमचं गेट नाक्याजवळ आहे.

स्थळपाहणीला कनिष्ठ अभियंता आले. त्यांच्याबरोबरच्या माणसाने टेपचं एक टोक नाक्याच्या कोपऱ्यावरच्या विजेच्या खांबापाशी धरलं, दुसरं आमच्या गेटपाशी. मध्ये दोनदा टेप उचलून पुढे नेली. एकूण ७२ मीटर भरलं. त्यांनी वहीत आकडा लिहिला आणि निघाले. मी म्हटलं, “साहेब, टाक्या मागे आहेत, बघून तरी घ्या.” ते म्हणाले, “मॅडम, पंपाचं अंतर रस्त्यावरूनच मोजतात.” मी म्हटलं, “पंप नाहीये हो हा. आमच्याच गाड्या आत येतात, त्या तशाही रोज येतात.” ते म्हणाले, “सिस्टीममध्ये पंप आहे.” टाकीच्या झाकणापर्यंत कोणी आलं नाही. तिथवर आले असते तर दिसलं असतं की गेटपासून ते कितीतरी आत आहे.

९० मीटरची अट निरर्थक आहे असं मी म्हणत नाही. चौकाला लागून पंप असला की रस्त्यावरची प्रत्येक गाडी ब्रेक मारून आत वळते, तिथे अपघात होतात. म्हणून ती अट. पण आमच्याकडे रस्त्यावरची गाडी वळणार कशाला? ट्रेलर आवारात येणं-जाणं चाललंच आहे, टाकी बंद असो वा चालू. हे मी लिहून दिलं. उत्तर आलं ते असं: वापर खंडित झाल्याने प्रस्ताव नवीन समजण्यात येत आहे आणि तो पंपाच्या निकषांत बसत नाही. म्हणजे एका वाक्यात दोन अन्याय. चालू होतं ते बंद ठेवलं म्हणून नवीन, आणि नवीन आहे म्हणून पंप.

यानंतरचा काळ फार कंटाळवाणा गेला. विचारायला गेलं की टेबलवाले सुट्टीवर, नाहीतर फाइल वर गेली आहे, नाहीतर वरून खाली आली आहे पण शेरा वाचायचा आहे. एक वयस्कर शिपाईमामा होते, ते एवढं सांगायचे की ताई, आज बसू नका, साहेब मीटिंगला गेलेत. त्यांचे उपकार मानते, माझे कितीतरी तास वाचले. बाकी कोणी उद्धट बोललं असंही नाही. पण ‘हा पंप नाही’ एवढं वाक्य स्वतःच्या सहीने लिहायला कोणी तयार नव्हतं, कारण ते लिहिलं की जबाबदारी येते. इकडे डेपो बंद असून सुरक्षारक्षक, वीज, कर हे सगळं चालू. माझा संयम सुटत चालला होता.

तोडगा माहितीच्या अधिकारातून निघाला. दहा रुपयांचा अर्ज केला आणि आमच्या भूखंडाची जुनी फाइल पाहणीसाठी मागितली. अभिलेख कक्षात ती निघाली. मंजूर नकाशाची ती जुनी निळी छापप्रत, घड्यांवर फाटलेली, चिकटपट्टी पिवळी पडून सुटलेली. उजव्या कोपऱ्यात खुणांच्या तक्त्यात हाताने लिहिलेलं: भूमिगत डिझेल टाकी, स्वतःच्या वाहनांसाठी. खाली मंजुरीचा शिक्का आणि सही. म्हणजे ज्या वापराला यांच्या सिस्टीममध्ये नाव नव्हतं, तो यांच्याच कार्यालयाने नाव घालून मंजूर केला होता आणि तो कागद यांच्याच दप्तरात पडून होता. मी तिथेच त्याच्या प्रमाणित प्रतीसाठी पैसे भरले.

मग आमच्या आर्किटेक्टने अर्जाची मांडणीच बदलली. विकास परवानगी मागायची नाही, फक्त अभिप्राय मागायचा. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ च्या कलम ४३ मध्ये कुठल्या कामांना परवानगी लागत नाही याची यादी आहे. तिच्यात एक बाब अशी आहे की जमीन तात्पुरती दुसऱ्या कामासाठी वापरली असेल, तर तिचा मूळचा नेहमीचा वापर पुन्हा करायला परवानगी लागत नाही. आम्ही मधली वर्षं तिथे ट्रेलर उभे केले, एवढंच. त्याला पुरावा म्हणून दरवर्षीच्या कराच्या पावत्या, वीजबिलं आणि जुना परवाना जोडला. वापर बदलला नव्हता, थांबला होता, हे कागदांवरून दिसायला हवं. बंद काळातली वीजबिलं फेकून देऊ नका, ती इथे कामाला येतात. काकांनी ती सगळी बॉक्सफाइलमध्ये वर्षवार लावून ठेवली होती. त्यांच्या या सवयीचा मला खरंच अभिमान वाटला.

वरिष्ठ अधिकाऱ्यांनी भेटीची वेळ दिली. त्यांनी नकाशाची प्रत टेबलावर पसरली, तक्त्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, “विक्री करणार नाही ना?” मी म्हटलं, “नाही. हमीपत्र देते.” त्यांनी तिथेच मजकूर सांगितला. भूखंड औद्योगिक विभागात असून, स्वतःच्या वाहनांसाठी वर्ग ब पेट्रोलियमच्या भूमिगत साठ्यास नियोजनाच्या दृष्टीने हरकत नाही, सदर वापर किरकोळ विक्रीचा पंप समजण्यात येऊ नये. जावक क्रमांक पडलेलं ते पत्र हातात आलं तेव्हा मी जिन्यातच उभी राहून दोनदा वाचलं.

‘वर्ग ब’ हे शब्द मी आग्रहाने घालून घेतले. कागदावर नुसतं ‘ज्वालाग्राही पदार्थ’ असेल तर वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर पेट्रोल येतं. कायद्यात वर्ग ठिणगीने पेट घेण्याच्या तापमानावर ठरतो: २३ अंशांच्या खाली पेट्रोल वगैरे वर्ग अ, २३ ते ६५ च्या दरम्यान डिझेल म्हणजे वर्ग ब, ६५ ते ९३ च्या दरम्यान फर्नेस ऑइलसारखी तेलं वर्ग क. प्रत्येक अर्जात, प्रत्येक नकाशावर हे एकसारखं लिहा. एका कागदावर ‘इंधन’, दुसऱ्यावर ‘ऑइल’, तिसऱ्यावर ‘डिझेल’ असं झालं की पुढचा प्रत्येक जण त्रुटी काढतो.

पत्रानंतरचं सगळं सुरळीत झालं. ना-हरकत पोलीस आयुक्तालयाची लागते, कारण पेट्रोलियम नियम २००२ प्रमाणे जिथे पोलीस आयुक्त आहेत तिथे जिल्हा प्राधिकारी तेच. ठाणे आणि नवी मुंबई दोन्हीकडे आयुक्तालयं आहेत. शहापूर-मुरबाडकडे असाल तर जिल्हाधिकारी. नियम १४४ प्रमाणे ही चौकशी तीन महिन्यांत संपवायची असते, आमची त्याआधीच संपली. झोनचं पत्र जोडलेलं असल्यामुळे चौकशीत कोणी पुन्हा तो प्रश्न काढला नाही. त्यानंतर अग्निशमनचं ना-हरकत, मग पेसोचा (पेट्रोलियम आणि स्फोटकांच्या सुरक्षेचं काम बघणारी केंद्राची संस्था) परवाना. पेसोचं मुख्यालय नागपूरला असलं तरी पश्चिम विभागाचं कार्यालय सीबीडी बेलापूरला आहे आणि अर्ज ऑनलाइन होतो.

मधेच आठवलं म्हणून सांगते. फार थोडं डिझेल लागत असेल तर एवढा खटाटोप करू नका. वर्ग बचा एकूण साठा २,५०० लिटरपर्यंत असेल आणि एकही पिंप १,००० लिटरपेक्षा मोठं नसेल, तर पेट्रोलियम कायद्याखाली परवाना लागत नाही. आमच्या ओळखीच्या एका जनरेटरवाल्याने हे कळल्यावर टाकीचा विचार सोडला.

झोन दाखला आणि भाग नकाशा (विकास आराखड्यातला आपल्या भूखंडापुरता उतारा) हे दोन वेगळे कागद आहेत, दोन्ही एकाच वेळी मागा. पालिका हद्दीत असाल तर लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ खाली अर्ज करा, मुदत टळली की अपील करता येतं. आणि खाडीच्या बाजूला भूखंड असेल तर सीआरझेडचा (किनारपट्टी नियमन क्षेत्राचा) नकाशा सगळ्यात आधी बघा. ठाणे खाडीत फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०२२ पासून ती रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागाही आहे, तिथे माझ्या अनुभवाचा उपयोग नाही.

टाक्या उघडण्याबद्दलही लिहायला हवं. इतकी वर्षं बंद असलेली टाकी रिकामी दिसली तरी आत वाफ असते. वायूमुक्त असल्याचा दाखला मिळाल्याशिवाय कोणालाही आत उतरवू नका, जवळ वेल्डिंग करू नका. आमच्या एका टाकीच्या तळाशी काळा, दाट गाळ निघाला, डिप रॉडला (तेलाची पातळी मोजायच्या काठीला) डांबरासारखा चिकटला होता. हा गाळ घातक कचऱ्यात मोडतो, भंगारवाल्याला किंवा गटारात देता येत नाही. तळोजा किंवा महापे इथल्या अधिकृत केंद्रात पाठवावा लागतो आणि त्याबरोबर मॅनिफेस्ट, म्हणजे कचरा कुठून कुठे गेला याची नोंद असलेला कागद, मिळतं. ती प्रत जपून ठेवा, आमच्याकडे अग्निशमनच्या तपासणीत ती मागितली.