डावीकडून दुसरी

शनिवार, रात्री

आमच्या थोरल्या काकांचं, तात्यांचं सहस्रचंद्रदर्शन पौषात करायचं अखेर ठरलं. त्याआधी दोन तास तारखेवरून वाद झाला. हिशेब तसा सोपा आहे. वर्षाला साडेबाराच्या जरा आत पौर्णिमा येतात, म्हणजे हजार भरायला ऐंशी वर्षं आणि वर दहा-एक महिने. पण मोजायचं कुठल्या जन्मतारखेपासून? आमच्याकडच्या बहुतेक जुन्या माणसांसारखी तात्यांचीही शाळेत १ जून लागलेली. नोकरीतून ते ३१ मेला निवृत्त झाले, ते याच तारखेच्या हिशेबाने. खरा जन्म १९४५च्या फाल्गुनातला. काकू म्हणाल्या, चंद्राला शाळेचा दाखला दाखवायचा नाहीये, पंचांगच धरा. तिथे वाद संपला.

मग कामं वाटली. गुरुजी, हॉल, ओवाळायला एक्क्याऐंशी दिवे, तुलेसाठी गूळ की पुस्तकं (पुस्तकं ठरली, कारण तात्यांना साखर आहे आणि गुळाकडे बघून त्यांना त्रास होईल). फोटो माझ्याकडे आले. "तुझं आपलं घरबसल्या काम," असं दादा म्हणाला. घरबसल्या! चार अल्बम, बिस्किटांचे दोन पत्र्याचे डबे आणि एक बुटांचं खोकं रिक्षात घालून आणलंय. सगळ्याला डांबराच्या गोळीचा वास आहे.

रविवार

आमच्या घरात १९६१च्या आधीचे फोटो जवळजवळ नाहीत, हे माहीत होतं. आज ते पहिल्यांदा डोळ्यांना दिसलं. बारा जुलैला पानशेत फुटलं, मागोमाग खडकवासला, आणि नारायण पेठेतला आमचा वाडा मातीचा होता. माणसं पर्वतीकडे पळाली म्हणून वाचली. पाणी ओसरल्यावर आजोबा आणि तात्या (तेव्हा सोळा वर्षांचे) चिखल उपसायला गेले. फोटोंची ट्रंक मिळाली. पण आतले सगळे फोटो एकमेकांना चिकटून त्यांची वडी झाली होती. आजोबांनी एक कोपरा सोडवायला घेतला तर चेहरा कागदावरून सुटून बोटाला आला. तात्या हे सांगताना अजून अंगठा तर्जनीवर घासतात.

पाटा-वरवंटा मिळाला. आणि देव्हाऱ्यातला गंगेचा गडू मिळाला. पणजी त्याच्या बऱ्याच आधी काशीला जाऊन आली होती, तेव्हाचा. तांब्याचा, झाकणाला डाख लावून बंद केलेला. चिखलातून काढला, धुतला, कानाशी धरून हलवला तर आत पाणी डुचमळलं. पुण्यातली ती मोठी पेटी, कपाटं, वाड्याची पागा सगळं नदीत गेलं आणि नदीचंच पाणी तेवढं घरात राहिलं, असं पणजी म्हणायची म्हणे. ती हजरजबाबी होती असं सगळेच सांगतात. माझा जन्म तिच्यानंतरचा.

पुढची बरीच वर्षं निसेन हटमध्ये गेली. पत्र्याचं अर्धगोल घर, उन्हाळ्यात भट्टी. आजोबांचा पगार बेताचा, चार तोंडं शिकणारी. पण पणजीने धोशा लावला : गडू वाचला तो कशासाठी? काशीचं पाणी रामेश्वराला घातल्याशिवाय यात्रा पुरी होत नाही. तेव्हा रामेश्वर.

तीन माणसं गेली. आजोबा, आजी, पणजी. तात्या मुंबईत नोकरीला लागले होते. बाबा आणि अण्णाकाका घरीच, मिरजेहून आलेल्या मावशीआजीच्या ताब्यात. अण्णाकाका आता सत्तरीच्या पुढे आहेत, पण "आम्हाला नेलं नाही" हे वाक्य ते वर्षातून दोनदा म्हणतात. एकदा दिवाळीत, एकदा गणपतीत.

सोमवार

आज नुसते स्कॅन. नव्वदच्या दशकातले आधी उरकून टाकले, कारण ते सगळे सारखेच. लग्नाच्या अल्बमात नवरा-नवरी बदामात, नवरी तळहातावर, मागे धबधबा. काश्मीरचे, एलटीसीवर गेलेल्या तीन वेगवेगळ्या वर्षांचे, तीन वेगवेगळ्या काकू, आणि अंगात तोच एक भाड्याचा काश्मिरी पोशाख असावा असा दाट संशय येतो. खांद्यावर तोच घडा.

कोकण रेल्वेचे बघताना मात्र थांबले. १९९८च्या जानेवारीत गाडी पूर्ण मार्गावर सुरू झाली आणि त्याच मे महिन्यात तात्यांनी एकोणीस जणांना रत्नागिरीला नेलं. काम काहीच नव्हतं, फक्त रेल्वे बघायला. मी चौदा वर्षांची होते आणि कॅमेरा पहिल्यांदाच माझ्या हातात होता. छत्तीसचा रोल. करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटर लांब आहे असं तात्यांनी जाहीर केलं आणि मी बोगद्याचे फोटो काढले. आतून. सात. सातही काळेकुट्ट धुऊन आले. दुकानदाराने इमानदारीने छापून, इमानदारीने पैसे घेतले. आईने ते टाकून दिले असतील असं वाटत होतं, पण अल्बमात एक लावलाय, आणि खाली बाबांच्या अक्षरात "बोगदा".

तो ठेवणार आहे. पडद्यावर दाखवायचाच.

मंगळवार, उशिरा

रामेश्वरचं पान आज उघडलं.

जाड काळा कागद, मध्ये फुलाफुलांचा बटर पेपर. आजोबांनी ऑफिसातल्या कुणाचा तरी बॉक्स कॅमेरा मागून नेला होता. एका रोलचे आठ फोटो. महिनाभराच्या प्रवासाला आठ! आम्ही आता ताटाचेच आठ काढतो. त्यातले सहा आलेत. कन्याकुमारी, मदुरेचं गोपुर (अर्धं, वरचं कापलं गेलंय), रामेश्वराच्या देवळातला लांबलचक खांबांचा रस्ता, जो इतका अंधारा आलाय की माझ्या बोगद्याची परंपरा कुठून आली ते कळलं.

आणि एक रेल्वे स्टेशनवरचा. डावीकडे पणजी, आलवणातली, दोन्ही हातांत गडू छातीशी धरलेला, बाळ धरावं तसा. मध्ये आजी नऊवारीत, पदर दोन्ही खांद्यांवरून. उजवीकडे एक हमाल, ज्याला फोटोत यायचं होतं आणि तो आला. मागे वाळू, डबा, आणि पाटीचा तुकडा.

हा फोटो म्हणजे बेबीआत्याची मालमत्ता. आत्या सगळ्यांत धाकटी, पुरानंतरची. रामेश्वरला जाताना समुद्रावर लागणाऱ्या पांबनच्या पुलाची तिची गोष्ट आमच्यातल्या प्रत्येकाने किमान पंचवीसदा ऐकली आहे. गाडी अगदी सावकाश चाललेली. दोन्हीकडे पाणी. खिडकीतून खाली बघितलं तर पूल दिसतच नाही, गाडी पाण्यावरून जातेय असं वाटतं. मी आजीच्या मांडीवर, आणि आई म्हणतेय, बेबी, हात बाहेर काढू नको. हे सांगताना आत्या हात आत घेते. माझ्या लग्नातही सांगितलं होतं, विहिणींना.

फोटोत आत्या नाही. का नाही, असं आम्ही लहानपणी विचारायचो. "मी झोपले होते, आतल्या बाकावर," हे उत्तर ठरलेलं.

फोटो खळीने चिकटवलेला होता आणि खळीला कसर लागली होती. शिवणाचा दोरा मागून हळूहळू ओढत अर्ध्या तासाने तो सोडवला. मागे आजोबांचं अक्षर. बोरूने गिरवल्यासारखं, शाई तपकिरी झालेली :

"धनुष्कोडी. माघ, शके १८८५."

आजोबा तारखा शकातच लिहायचे. अठ्ठ्याहत्तर मिळवायचे, माघ म्हणजे अजून एक. १९६४, जानेवारी-फेब्रुवारी.

आत्या १९६४च्या श्रावणातली. गोकुळाष्टमीच्या आसपासची.

दोनदा बेरीज केली. मग वाटलं आजोबा चुकले असतील, यात्रेच्या गडबडीत माणूस वर्ष चुकतो. तात्यांना फोन केला तर ते म्हणाले सहासष्ट असेल, बाबा म्हणाले मी सातवीत होतो की नववीत कोण जाणे. पण फोटो मोठा केला, बाराशे डीपीआयला, तर पाटीवरचं "ष्कोडी" नागरीत स्वच्छ वाचता येतं. आणि त्या स्टेशनावर सहासष्टमध्ये कुणीच उभं राहू शकत नव्हतं. १९६४च्या डिसेंबरात, बावीस-तेवीसच्या रात्री चक्रीवादळ आलं आणि रामेश्वर बेटाच्या टोकाचं धनुष्कोडी गेलं. स्टेशन, पोस्ट, देऊळ, घरं. स्टेशनात शिरणारी पॅसेंजर गाडी माणसांसकट समुद्राने नेली. पांबनचे गाळेही वाहून गेले. पूल दीड महिन्यात पुन्हा उभा केला, पण पलीकडे धनुष्कोडीला जाणारी गाडी परत कधी धावली नाही. मद्रासहून बोट मेल यायची, पुढे सिलोनची बोट मिळायची, तेही बंद. गाव राहायला लायक नाही असं सरकारने जाहीर केलं.

म्हणजे आमची माणसं तिथे उभी राहिली आणि दहा महिन्यांनी ती जागाच उरली नाही. तात्यांना हे सांगितल्यावर ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "हो. नाताळाला घरी आलो होतो. दादांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, पेपर वाचला आणि घडी घालून ठेवला. आजी म्हणाली, वाच की मोठ्याने. तर म्हणाले, नको, पाण्याचंच आहे."

बुधवार

आत्याला हे सांगायचं कसं? दादा म्हणतो सांगू नकोस. त्याची बायको म्हणते मागची बाजू दाखवूच नका, कोण बघतंय. मला ते पटेना. मी सकाळी आईकडे गेले. आई मटार सोलत होती. फोटो तिच्यापुढे ठेवला, शके, माघ, श्रावण सगळं सांगितलं. तिने चष्मा न लावताच मान हलवली.

"हातात काय आहे बघ तिच्या," आई म्हणाली.

"गडू."

"पणजीच्या नाही गं. आजीच्या."

उजवी मूठ. मी पदराची गाठ समजत होते. लॅपटॉप काढून स्कॅन मोठा केला, अजून मोठा केला, दाणे दिसायला लागेपर्यंत. लिंबू. अर्धं चावलेलं असावं, एक बाजू पांढरी दिसते.

"पुण्यापासून तिला गाडी लागत होती," आई म्हणाली. "सगळ्यांना वाटलं गाडीच लागतेय. मद्रासपर्यंत ओकत गेली, पुढे बोट मेलमध्येही. सासूबाईंना कळलं असतं तर मला घरी ठेवलं असतं, म्हणायच्या. तिसरा महिना होता. एवढी यात्रा कोण सोडतंय! तुझ्या वेळी मला मिरजेला न्यायला आल्या होत्या, मला गाडीत मळमळायला लागलं, तेव्हा पिशवीतून लिंबू काढून दिलं आणि हे सांगितलं."

"आणि तू चाळीस वर्षं आत्याचं ऐकून घेतेस?"

"मग काय करू? छान सांगते ती." आईने सालींचा ढीग माझ्याकडे सरकवला. "शिवाय तिला सांगितलं असणारच ना आजीने. पूल कसा, पाणी कसं, रोज रात्री. निसेन हटमध्ये दुसरं होतं काय सांगायला."

हात बाहेर काढू नको हे कुठून आलं, ते मात्र आईलाही माहीत नव्हतं.

शुक्रवार

काल सगळे तात्यांकडे जमलो, फोटोंची निवड करायला. टीव्हीला लॅपटॉप जोडला. बोगद्यावर हशा पिकला. मग धनुष्कोडी आलं आणि आत्याने सोफ्यावर पाय वर घेतले. गोष्ट सुरू होणार.

मी आधी मागची बाजू दाखवली. नंतर लिंबू. बाकीचं आईने सांगितलं, चार वाक्यांत, मटार सोलावेत तसं.

आत्या काही बोलेना. दादाने माझ्याकडे "बघ, सांगितलं होतं" असं बघितलं. आत्या उठली, टीव्हीपाशी गेली, चष्मा कपाळावर चढवून अगदी काचेला नाक लावून तिने ती मूठ बघितली. मग आजीच्या पदराचा, पोटावरचा भाग बघितला. तिथे तसं काहीच दिसत नाही, नुसत्या नऊवारीच्या चुण्या.

"म्हणजे मी होतेच की," ती म्हणाली.

कुणी हसलं नाही.

"झोपले होते म्हणत होते ना मी? तेच."

खाली काय लिहायचं यावर पुन्हा वाद. "डावीकडून : पणजी, आजी, हमाल" असं मी लिहिलं होतं. आत्या म्हणाली, माझं नाव घाल. तात्या म्हणाले, घाल, पण "व" नको, "सह" लिही, मराठी बरोबर पाहिजे. आता पडद्यावर असं येईल : "धनुष्कोडी, माघ शके १८८५. डावीकडून पणजी, आजी (बेबीसह), अनोळखी हमाल." पांबनला २०२५च्या एप्रिलमध्ये नवा पूल सुरू झालाय, मधला भाग सरळ वर उचलला जातो, तो बघायला कार्यानंतर जायचं असंही आत्याने तिथल्या तिथे जाहीर केलं. तिकिटं दादा काढणार.

निघताना अण्णाकाका चपला शोधत होते. दारात थांबले.

"म्हणजे हिलासुद्धा नेलं," ते म्हणाले. "फक्त आम्हालाच नाही."