ब्रेक दाबला की पेट्रोलचा दाब वाढायचा

"इंजेक्टर लहान पडताहेत. ५५० सीसीचे टाकून द्या, पंप मोठा करा, बाकी कशाला हात लावू नका." गाडीमालकांनी कोल्हापूरहून फोनवर एवढंच सांगितलं होतं. इंजेक्टर म्हणजे इंजिनात पेट्रोल फवारणारं छोटं नोझल आणि त्याचे सीसी म्हणजे ते मिनिटाला किती पेट्रोल सोडतं तो आकडा. दोन दिवसांनी फ्लॅटबेडवरून गाडी आमच्या भोसरीच्या वर्कशॉपमध्ये उतरली. मालकांच्या हातात एक प्लॅस्टिकची पिशवी होती आणि तिच्यात जुन्या इंजिनाचा तिसऱ्या सिलिंडरचा पिस्टन. वरच्या रिंगपासून माथ्यापर्यंत एका बाजूचं अ‍ॅल्युमिनियम वितळून वाहून गेलेलं. असा पिस्टन हातात घेतला की मला पुढचं काम घाईत करवत नाही.

गाडी होती जुनी होंडा सिटी, १.५ व्हीटेक. ज्यांनी त्या काळात ती चालवली आहे त्यांना वेगळं सांगायला नको. कागदावर १०६ बीएचपी, हलकं अंग आणि वरच्या आरपीएमला जीव तोडून फिरणारं इंजिन. मालकांनी तिच्यावर ईटनचा एम४५ सुपरचार्जर, म्हणजे इंजिनात जास्त हवा दाबून भरणारा पट्ट्यावरचा पंप, बसवून घेतला होता. २००१ ते २००६ दरम्यानच्या मिनी कूपर एसवर कंपनीकडूनच यायचा, तोच हा. ब्रॅकेट आणि पुली कोल्हापुरात, शिवाजी उद्यमनगरात बनवलेली. ते काम बघून मी दोन मिनिटं नुसता उभा राहिलो. पट्ट्याची रेषा दोरी धरल्यासारखी सरळ, वेल्ड एकसारखे, कुठेही ग्राइंडरची घाई नाही. उद्यमनगरातल्या लेथवर बसणाऱ्या माणसांबद्दल मला मनापासून आदर आहे आणि त्या ब्रॅकेटने तो वाढवला.

गाडी फक्त ट्रॅकसाठी होती. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे रस्त्यावरच्या गाडीच्या मूळ रचनेत असा फेरफार करता येत नाही आणि रस्त्यावर धावणाऱ्या गाडीला आम्ही सुपरचार्जर लावतही नाही. ही फ्लॅटबेडवरून कोइमतूरच्या करी मोटर स्पीडवेवर जायची आणि तशीच परत यायची.

पार्ट मागवण्याआधी मी कागद घेऊन बसलो. इंजेक्टरचा हिशेब अवघड नसतो, तरी तो न करताच मोठे पार्ट घेणारे बरेच भेटतात. अर्ध्या बारच्या बूस्टला, म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा अर्धा बार जास्त दाबाला, या इंजिनातून साधारण १६५ बीएचपी अपेक्षित. सुपरचार्ज इंजिनाला दर हॉर्सपॉवरमागे तासाला सुमारे ०.६ पौंड इंधन धरतात, म्हणजे इथे तासाला ४५ किलोच्या आसपास. चार इंजेक्टरांत ते वाटायचं आणि इंजेक्टर ८० टक्क्यांपेक्षा जास्त वेळ उघडा राहू नये असं धरायचं, तर प्रत्येकी मिनिटाला ३१५ सीसी हवेत. पण हे झालं शुद्ध पेट्रोलचं. आज पंपावर मिळतं ते ई२०. पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला फक्त ९ पट. २० टक्के इथेनॉल मिसळलं की आकडा साडेतेराच्या आसपास येतो. म्हणजे तेवढ्याच हवेला सुमारे आठ टक्के जास्त इंधन द्यावं लागतं. परदेशी फोरमवरच्या 'या किटला हे इंजेक्टर पुरतात' अशा याद्या आपल्याकडे जशाच्या तशा चालत नाहीत, त्याचं हे एक मोठं कारण. आठ टक्के धरून उत्तर आलं ३४० सीसी.

गाडीत ३६०चे इंजेक्टर होते. म्हणजे ते पुरायला हवे होते. हिशेबाने ड्यूटी सायकल, म्हणजे इंजेक्टर उघडा राहण्याचं प्रमाण, ७५ टक्के यायला हवी होती. मालकांनी आणलेल्या ट्रॅकवरच्या नोंदींत, लॉगमध्ये, ती ९० दिसत होती. कागद ७५ म्हणतो, गाडी ९० म्हणते, तर मधलं पेट्रोल जातं कुठे? हे कळल्याशिवाय ५५० टाकायचे नाहीत असं मी ठरवलं आणि मालकांना तसं सांगितलं. त्यांना ते फारसं पटलं नाही. "बघा दादा, दुसरं इंजिन हाय हे. तिसरं आणायची ताकद न्हाई आता," ते म्हणाले. माझीही काळजी तीच होती.

आधी प्लग काढले. चारही प्लगच्या पोर्सेलिनवर काळे ठिपके आणि तिसऱ्यावर दोन-तीन चमकदार कण. ते कण अ‍ॅल्युमिनियमचे. नॉक, म्हणजे सिलिंडरमधलं मिश्रण भलत्या वेळी धडाक्याने पेटणं, सुरू झालं होतं, पिस्टनची झीजही सुरू झाली होती. बोअरस्कोप, म्हणजे बारीक कॅमेरा, घालून पाहिलं, पिस्टनचे माथे अजून शाबूत होते. वेळ हातात होता.

मग टाकी उघडली. पंप मूळचाच, आणि त्याच्या तोंडाला टाकीच्या आत साधा इंधनाचा होज लावलेला. टाकीबाहेर चालणारा होज आत बुडवून ठेवला की त्याचं बाहेरचं आवरण पेट्रोलात फुगतं, मऊ पडतं आणि शेवटी फाटतं. मग पंप कितीही मोठा असो, अर्धं पेट्रोल टाकीतच परत सांडतं. बुडवून ठेवायचा होज वेगळा येतो, त्यावर ३०आर१० असं छापलेलं असतं. महाग असतो, पण फूटभरच लागतो. हा होज अजून फाटला नव्हता. तरी बदलला. पंप तासाला २५५ लिटरचा बसवला. वायरिंग तपासलं तर इंजिन चालू असताना अल्टरनेटरवर १३.८ व्होल्ट आणि पंपाच्या कनेक्टरवर ११.४. वीस वर्षांची बारीक वायर, मोठ्या पंपाचा करंट तिला झेपणार नव्हता. बॅटरीपासून फ्यूज घालून जाड वायर ओढली, मागे रिले बसवला, जुन्या वायरीकडे फक्त रिले चालू करण्याचं काम ठेवलं. पंपावर आता साडेतेरा मिळू लागले. हे सगळं होईस्तोवर दुपारचे दोन वाजले.

इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीवर, रेलवर, प्रेशर सेन्सर लावला, गाडी जागेवरच पळवून मोजमाप घेणाऱ्या रोलरवर चढवली, पट्टे आवळले. आमचा ट्यूनर पोरगा स्टिअरिंगवर, मी बाहेर लॅपटॉपपाशी.

पहिल्याच रनला माझी नजर लॅम्ब्डापेक्षा रेलच्या दाबावर खिळली. (लॅम्ब्डा म्हणजे हवा-पेट्रोलच्या प्रमाणाचा आकडा. १ म्हणजे नेमकं, त्याखाली जाईल तसं पेट्रोल जास्त.) इथे थोडं सांगायला हवं. पेट्रोलचा दाब राखणारा रेग्युलेटर ३ बारला सेट केलेला, पण तो ३ बार नुसता रेलमधला दाब नसतो. रेग्युलेटरच्या डोक्यावर मॅनिफोल्डकडून, म्हणजे सिलिंडरांना हवा नेणाऱ्या वाहिनीकडून, एक बारीक पाइप येतो. मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम असला की रेग्युलेटर तेवढा दाब कमी करतो, बूस्ट आला की तेवढा वाढवतो. कारण इंजेक्टरच्या एका टोकाला पेट्रोल आणि दुसऱ्या टोकाला मॅनिफोल्डची हवा असते. इंजेक्टरमधून किती पेट्रोल जाईल हे या दोन टोकांमधला फरक ठरवतो. अर्ध्या बारच्या बूस्टला रेलमध्ये साडेतीन बार दिसायला हवेत, तेव्हा कुठे फरक ३ राहतो.

लॉगमध्ये होते २.६५.

"पंपच कमी पडतोय," पोरगा आतून म्हणाला. कोणीही हेच म्हणालं असतं. पण रेघेचा आकार तसं सांगत नव्हता. पंप कमी पडत असेल तर आरपीएम आणि पेट्रोलची मागणी वाढेल तसा दाब घसरत जातो, रेघ उतारावर लागते. ही रेघ २,५०० पासून ६,५०० पर्यंत पट्टी ठेवून ओढल्यासारखी सपाट होती. पंप दमला नव्हता. रेग्युलेटर अगदी इमानाने दाब सांभाळत होता, फक्त चुकीच्या आकड्यावर.

दुसरा रन घेतला. या वेळी रेघ पुन्हा तशीच सपाट, पण २.२५ वर. मघाशी ०.८२ असलेला लॅम्ब्डा ०.९१ झाला. बूस्टखाली ०.९१ म्हणजे पिस्टन वितळण्याची वाट. मी हात वर करून रन थांबवला.

मॅप, म्हणजे कधी किती पेट्रोल सोडायचं याचा इंजिनाच्या संगणकातला तक्ता, तोच, पेट्रोल तेच, तापमान तेच. दोन रनमध्ये मग बदललं काय? थोडं थंड होऊ दिलं आणि कमी आरपीएमपर्यंतच आणखी काही छोटे रन घेतले. कधी २.६५, कधी २.२५. मधला आकडा क्वचितच. हे कधी या बाजूला, कधी त्या बाजूला का जातं, ते काही केल्या कळेना. रेग्युलेटर अडकतोय म्हणावं तर तो इतक्या नेमक्या दोनच जागी का अडकेल?

उत्तर मला मागच्या भिंतीवर दिसलं. एका रननंतर पोराने रोलर लवकर थांबवायला ब्रेक दाबला आणि भिंतीवर ब्रेक लाइटचा लाल उजेड पडला. पुढचा रन २.६५. त्यानंतर त्याने गाडी गिअरमध्येच ठेवून इंजिनावर रोलर मंदावू दिले, ब्रेकला पायच लावला नाही. पुढचा रन २.२५. मी त्याला म्हटलं, "आता ब्रेक मारून थांबव." २.६५. "आता नुसता सोड." २.२५. त्याने आतून माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे.

इंजिन बंद करायला सांगितलं. रिलेला जंपर लावून नुसता पंप चालू ठेवला. इंजिन बंद म्हणजे मॅनिफोल्डमध्ये ना व्हॅक्यूम, ना बूस्ट. दाब सरळ ३ बार दिसायला हवा. दिसत होता २.२५. "ब्रेक दाब," मी म्हणालो. त्याने दाबला. २.५. "परत." २.८. तिसऱ्यांदा दाबल्यावर आकडा ३ वर जाऊन थांबला. गाडीमालक माझ्या खांद्यामागे उभे होते. ते काही बोलले नाहीत, स्वतः आत जाऊन बसले आणि इंजिन चालू करून, बंद करून, पुन्हा ब्रेक दाबून बघू लागले.

रेग्युलेटरचा पाइप बोटाने धरत धरत मागे गेलो. तो सुपरचार्जरच्या प्लेनमला, म्हणजे मॅनिफोल्डवरच्या हवेच्या डब्याला, जाऊन मिळतच नव्हता. ब्रेक बूस्टरच्या, म्हणजे पेडलला व्हॅक्यूमची मदत देणाऱ्या डब्याच्या, जाड होजमध्ये एक टी, तीन तोंडांचा जोड, घालून तिथून घेतला होता. आणि ब्रेक बूस्टरच्या होजमध्ये एकमार्गी व्हॉल्व्ह असतो. मॅनिफोल्डने बूस्टरमधली हवा ओढून घ्यावी, पण उलटी हवा आत येऊ नये, म्हणून तो असतो. इंजिन बंद पडलं तरी ब्रेकला दोन-तीन वेळा मदत मिळते ती त्याच्यामुळेच. या गाडीत तो होजच्या पोटात दडलेला असतो, बाहेरून फक्त एक बाण छापलेला दिसतो. टी त्या व्हॉल्व्हच्या बूस्टरकडच्या बाजूला बसली होती.

म्हणजे रेग्युलेटरला मॅनिफोल्ड दिसतच नव्हता. त्याला बूस्टरमध्ये कोंडलेला व्हॅक्यूम दिसत होता, तोही शेवटी जितका खोल गेला तितका. गाडीला मोठ्या लिफ्टचा कॅमशाफ्ट होता, त्यामुळे आयडलचा व्हॅक्यूम कमकुवत, ०.३५ बारच्या आसपास. ब्रेक मारून थांबलं की बूस्टर रिकामा होऊन तेवढाच भरायचा. पण गिअरमध्ये थ्रॉटल सोडून गाडी मंदावली की व्हॅक्यूम ०.७५ पर्यंत जायचा आणि व्हॉल्व्हमागे तसाच अडकून बसायचा. मग थ्रॉटल पूर्ण उघडला, अर्धा बार बूस्ट आला, तरी रेग्युलेटर दाब वाढवण्याऐवजी ०.७५ ने कमीच धरून बसायचा. इंजेक्टरवरचा फरक ३ ऐवजी पावणेदोन बार. प्रवाह या फरकाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. ३६०चे इंजेक्टर प्रत्यक्षात २७५चे होऊन बसत होते.

ट्रॅकवर नेमकं हेच होतं. वळणाआधी थ्रॉटल सुटतो, इंजिनाचा ब्रेक लागतो, व्हॅक्यूम सगळ्यात खोल जातो, आणि पुढच्याच क्षणी सरळपट्टीवर पूर्ण थ्रॉटल. इंजिनाला सर्वांत जास्त पेट्रोल हवं तेव्हा सर्वांत कमी मिळायचं. मॅप बनवणाऱ्याने रोलरवर जे दिसलं त्यानुसार ड्यूटी ९० पर्यंत वाढवली होती. ५५०चे इंजेक्टर टाकले असते तर मॅप पुन्हा रोलरवर जुळला असता, ड्यूटी कमी दिसली असती, सगळ्यांना बरं वाटलं असतं आणि सरळपट्टीवर मिक्श्चर तेवढंच लीन, म्हणजे पेट्रोल कमी असलेलं, राहिलं असतं.

टी बसवणाऱ्याबद्दल मला राग नाही. प्लेनम नवा बनवला होता, त्यावर बारीक पाइपासाठी निपलच ठेवली नव्हती, आणि समोर व्हॅक्यूमचा तयार होज होता. साध्या इंजिनात ही चूक वर्षानुवर्षं कळलीही नसती. बूस्ट असलेल्या इंजिनात मात्र रेग्युलेटरचा पाइप मॅनिफोल्डमधून थेट, एकटा आणि आखूडच यायला हवा. त्यात दुसरं काही जोडू नये, ना गेज, ना ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह.

प्लेनम उतरवला, छिद्र पाडून आटे पाडले, निपल बसवली, पाइपाच्या दोन्ही टोकांना क्लिप लावल्या, कारण बूस्ट आला की साधा पाइप निपलवरून निसटतो. ब्रेकचा होज टीशिवाय नवा टाकला. इंजिन सुरू करण्याआधी मॅपमधून बूस्टच्या भागातलं पेट्रोल पंधरा टक्के कमी केलं. नाहीतर आता खरा दाब मिळाल्यावर मिक्श्चर ०.७० पर्यंत रिच होऊन सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन निघालं असतं.

रात्री नऊच्या सुमाराला रन घेतला. बूस्टबरोबर रेलचा दाब चढत गेला आणि साडेतीनवर थांबला. ब्रेक मारून, ब्रेक न मारता, सगळ्या रेघा एकमेकींवर. लॅम्ब्डा ०.८० वर बसवला, टायमिंग दोन अंश मागे ठेवलं, कारण या गाडीला इंटरकूलर नाही आणि एम४५ मधून निघणारी हवा चांगलीच तापलेली असते. ड्यूटी आली ७६ टक्के. हिशेबाचा कागद टेबलावरच पडला होता, मालकांनी तो उचलून आकडा ताडून पाहिला आणि घडी करून खिशात घातला.

इंजेक्टर ३६०चेच राहिले. वाचलेल्या पैशांत आम्ही दोन गोष्टी केल्या. टाकीशेजारी एक छोटा सर्ज टँक बसवला, म्हणजे लांब वळणावर पेट्रोल एका बाजूला गेलं तरी पंप हवा ओढणार नाही. आणि रेलचा सेन्सर काढून न घेता गाडीतच ठेवून ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या संगणकाला, जोडला. रेल आणि मॅनिफोल्डमधला फरक बूस्टखाली २.७ बारच्या खाली गेला की ईसीयू इंजिन ४,००० आरपीएमवर रोखतो आणि डॅशवरचा लाल दिवा लागतो. करीला गाडी गेली तेव्हाचा लॉग मालकांनी पाठवला. प्रत्येक सरळपट्टीवर फरक २.९ ते ३.० बार, लाल दिवा एकदाही लागला नव्हता. पुढच्या सर्व्हिसला प्लग काढले, चारही निरोगी, फिकट तपकिरी होते.