आमची वाटचाल: आधी रिमोट घेऊन या

पुण्यात बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाच्या जवळ आमचं छोटं दुकान. मूळ धंदा दुरुस्तीचा, आधी टीव्ही, मग संगणक. २०२० च्या टाळेबंदीत शटर खाली, हातांना काम नाही. माळा आवरताना कॅसेटवाल्या व्हिडिओ गेमचे दोन रिमोट सापडले. कंट्रोलर हा शब्द नंतर आला, आमच्या वाड्यात तो रिमोटच. मुलगी म्हणाली, "बाबा, हा लॅपटॉपला नाही का लागणार?"

आतलं काम तसं सोपं. निन्टेन्डो या जपानी गेम कंपनीच्या मूळ रिमोटमध्ये ४०२१ ही एकच चिप असते. बटणं आठ, तारा पाच: ५ व्होल्ट, ग्राउंड, लॅच, क्लॉक आणि डेटा. लॅचवर पल्स दिला की चिप आठही बटणांची स्थिती टिपून घेते, आणि क्लॉकच्या ठोक्याठोक्याला एकेक बटण डेटाच्या तारेवरून बाहेर येतं. दाबलेलं बटण शून्य, न दाबलेलं एक. हे उलटं गणित पहिल्या रात्री ध्यानात आलं नाही, आणि रिमोटला हात न लावताही लॅपटॉपवर आठही बटणं दाबलेली दिसत होती. बोर्ड निवडला ॲटमेगा ३२यू४ या प्रोग्रॅम करता येणाऱ्या चिपचा, कारण तो यूएसबीवर थेट गेमपॅड बनून बसतो.

पहिल्या हौशीत 'सगळ्या रिमोटांना चालेल' म्हणून हा बोर्ड बसवलेल्या, रिमोट लॅपटॉपला जोडणाऱ्या डब्या कुरिअरने पाठवल्या. दहातल्या चार परत आल्या. आपल्याकडे घरोघरी होते ते बहुतेक नकली सेट. नऊ पिनांचा प्लग दिसायला सारखा, पण आतली जोडणी एकाची दुसऱ्याशी जुळेलच असं नाही. तारांच्या रंगावर तर काडीचा भरवसा नको.

हे मी पैसे मोजून शिकलो. एका गिऱ्हाइकाच्या रिमोटमधली लाल तार ग्राउंडची होती. मी ५ व्होल्ट धरून चाललो आणि चिप गेली. या नकली रिमोटांत चिप डांबरासारख्या काळ्या थेंबाखाली गाडलेली असते, बदलायची सोय नाही. जुन्या बाजारातून तसाच दुसरा आणून दिला, तर ते गृहस्थ म्हणाले, "मला हाच हवाय." पाठीवर त्यांच्या धाकट्या भावाने कर्कटकाने नाव कोरलं होतं.

तेव्हापासून आधी रिमोट दुकानात आणायचा, मगच डबी. उघडतो, मल्टिमीटर बीपवर ठेवतो (दोन टोकं जोडलेली असली की वाजतो), बटणांच्या सामाईक पट्टीवरून ग्राउंड शोधतो, मग एकेका तारेचा माग. वीज पहिल्यांदा रेझिस्टरमधून. वेळ जातो, गिऱ्हाईक घड्याळ बघतं, बघू दे.

त्या गृहस्थांच्या रिमोटचं मात्र डोक्यातून जाईना. शेवटी सर्किटच्या पट्ट्या कापून काळा थेंब बाजूला टाकला, आठ बटणांवरून आठ बारीक तारा काढल्या आणि ३२यू४ चा बोर्ड थेट रिमोटच्या पोटात बसवला. झाकण लागेना, म्हणून आतला एक खांब कानशीने घासला. पैसे घेतले नाहीत. आज आमच्याकडे येणारं निम्मं काम अशाच चिप मेलेल्या रिमोटांचं आहे.